पॉलिशला दिलेले देव

तीन टाक उजळून द्यायला बेगम बाजारातल्या सराफानं घेतले पन्नास रुपये. हे पन्नास रुपये आम्हाला खरोखर केवढ्याला पडले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. लातूर-हैदराबाद जाऊन येऊन दीड हजाराचं डिझेल. रिक्षा वेगळ्या. मी कारखान्यात नसल्यामुळे पाइपांचा आख्खा लॉट वाकडा निघाला, तो वेगळा. एक चष्मा, जो मला नको होता. आणि माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याचा धर्म.

ज्यांच्या घरी टाक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. टाक म्हणजे कुलदैवताचा चांदीचा छोटा पत्रा, बोटभर उंचीचा, त्यावर ठोकून उठवलेला देव. आत्याच्या सासरी असे तीन: घोड्यावरचा खंडोबा, भवानी आणि घराण्यातला कुणी लढाईत पडलेला वीर. रोज अंघोळ, रोज गंधफूल, आणि घरात कार्य निघालं की पॉलिश. आमच्याकडे लग्नाआधी माणसं पार्लरला जातात आणि देव सराफाकडे.

तर फोन आला मोहनचा. मोहन म्हणजे आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ. तारनाक्याला राहतो, रेल्वेच्या ऑफिसात आहे. जन्म हैदराबादचा, त्यामुळे त्याचं मराठी कधी उर्दूच्या गल्लीतून जातं, कधी तेलुगूच्या. मोबाइल आल्यापासून तो मला मिस्ड कॉल देतो आणि मी उलट फोन लावतो. या वेळी त्यानं स्वतःच्या पैशानं फोन केला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“दादा, आईनं देव सोडले.”

“कुठं सोडले? मुशीत? नदीत पाणी तरी आहे का?”

“मजाक नक्को दादा, मी लई परेशान आहे. ती म्हणते हे सगळं खोटं आहे. पूजा बंद, दिवा बंद. टाक डब्यात घालून फ्रिजवर ठेवलेत.”

“फ्रिजवर कशाला?”

“देव्हाऱ्यात नको असं ती म्हणाली. जमिनीवर नको असं मी म्हणालो.”

त्यात पल्लवीचं लग्न पंधरा दिवसांवर. पल्लवी ही मोहनची एकुलती एक मुलगी. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. पोरीला वाढवलं ते आत्यानं. लग्नात देवक बसवताना घरातल्या मोठ्या बाईनं टाक मांडायचे ही त्यांच्या घरची रीत, आणि घरात मोठी बाई काय, बाईच एक. आत्यानं सांगून टाकलं होतं की जे मला खोटं वाटतं ते मी मांडणार नाही, आणि मांडवात तोंड वाकडं करून बसण्यापेक्षा घरीच थांबेन. त्यावर पल्लवीनं सांगून टाकलं होतं की आजी नाही तर मीही मांडवात नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

“मग मी येऊन काय करू?”

“तिला समजाव. ती तुझंच ऐकते.”

आता गंमत बघा. आमच्या खानदानातला जाहीर नास्तिक म्हणजे मी. सायकलच्या पंक्चरच्या दुकानातून सुरुवात केली. सरकारनं लायसन्सची कटकट काढली त्या वर्षी कर्जावर पहिलं मशीन आणलं. आज शेतकऱ्याला पाणी देणारे पाइप बनवतो. या सगळ्यात मी एकाही देवाला भागीदार घेतलेलं नाही. घरची मंडळी तुळजापूरला जावोत की तिरुपतीला, सगळे आत जातात आणि मी बाहेर चपला राखत बसतो. चांगलं काम आहे. सावली बघून बसावं, माणसं ऐकावीत. देवळाच्या आत लोक देवाशी काय बोलतात ते कुणालाच कळत नाही, पण बाहेर आल्यावर सासूबद्दल काय बोलतात ते सगळं ऐकू येतं. तीस वर्षांत एकाही देवानं मला माझ्या पायातल्या चपला काढायला लावलेल्या नाहीत, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगतो. अशा माणसाला धर्म वाचवायला बोलावणं म्हणजे दारूच्या दुकानदाराला व्यसनमुक्तीच्या भाषणाला बोलावण्यासारखं. पण प्रश्न आत्याचा होता. तिच्यासाठी मोहनचा शब्द मोडवेना. गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी रस्ता: लातूर, औसा, किल्लारीवरून उमरगा, तिथं पुण्याचा हायवे मिळतो, मग हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी. उमरग्यापर्यंत खड्डे मोजायच्या भानगडीत पडू नका, पुढं बरं आहे. किल्लारीच्या बाजूनं जाताना मात्र मी देवावर विनोद करत नाही. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे भूकंपानं घरं अंगावर आली. तिथं देवाची बाजू घेणाराही गप्प बसतो आणि माझ्यासारखाही.

पुढं कर्नाटकाचा एक तुकडा लागतो, मग आंध्र. पाट्यांची लिपी दोनदा बदलते. मारुती मात्र तोच, फक्त त्याचा रंग बदलतो आणि मिशा येतात-जातात. जहीराबादच्या अलीकडे धाब्यावर थांबलो. डाळ झणझणीत, रोटी गरम, दोघं पोटभर जेवतील एवढं एका माणसाच्या पैशात. शेजारी ट्रक उभा होता. काचेमागं बालाजी, मक्केचा फोटो, क्रॉस आणि एक लिंबू-मिरची. मी ड्रायव्हरला विचारलं, “इतने सब?”

“कौन किधर काम आएगा मालूम नहीं ना साब,” तो खरकटा हात झटकत म्हणाला. “नॅशनल परमिट है.”

तारनाक्याला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. दार आत्यानंच उघडलं. पांढरी सुती साडी, कपाळ मोकळं, हातात पेपर. रेल्वेच्या शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं. अजूनही समोरच्याकडे अशी बघते की आपण घरचा अभ्यास विसरून आलोय असं वाटतं.

“ये. मोहनचा वकील होऊन आलास ना?”

“जेवायला आलोय.”

“मग हात धू.”

अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी. अंबाडीला इथं गोंगुरा म्हणतात आणि हॉटेलात तिच्या लोणच्याचे वेगळे पैसे लावतात. मी खात होतो आणि ती सांगत होती. मोहन ऑफिसात होता ते बरं झालं.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा टाक पॉलिशला दिले होते. आता लग्नासाठी पुन्हा त्याच सराफाकडे गेले. या वेळी त्यानं मागचा तांब्याचा पत्राही घासला, तर वर्षानुवर्षांचा मळ निघून खाली कोरलेलं आडनाव दिसलं. ते आत्याचं नव्हतं. मागच्या खेपेला दुकानात दोन घरचे टाक एकाच वेळी आले होते आणि जाताना अदलाबदल झाली होती. पन्नास वर्षं पंचामृतानं चोळल्यावर कुठल्याही देवाचे नाकडोळे सपाट होतात. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

“सहा वर्षं मी ज्यांना अंघोळ घातली ते कोठी बाजारातल्या एका चष्मेवाल्याचे देव,” आत्या म्हणाली. “या सहा वर्षांत मोहनच्या छातीत दुखलं. मी भवानीला बोलले, तो बरा झाला. पल्लवीला नोकरी मिळेना. खंडोबाला बोलले, मिळाली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. प्रत्येक वेळी हात जोडून म्हटलं, तूच केलंस गं बाई. आणि ती बाई इथं नव्हतीच. ती कोठीत होती.”

“आत्या, देव काय टाकात बसलेला असतो होय? तो तर सगळीकडे...”

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. माझ्या! मी पाणी प्यालो.

“सगळीकडे असतो ना? मग टाक कशाला? सोवळं कशाला? थंडीत पहाटे गार पाणी अंगावर घ्यायचे ते कशाला?” ती भाकरीचा पापुद्रा उलटसुलट करत राहिली. “आणि आमचे खरे घरात होते ना, तेव्हा माझी सून गेली. तेव्हा मी काय कमी बोलले होते? खरे असताना ती गेली, दुसऱ्याचे असताना पोरगा वाचला. आता तू सांग.”

कारखान्यात कामगारापासून बँक मॅनेजरपर्यंत कुणालाही मी उत्तर देतो, इथं मात्र मी आणखी भाजी वाढून घेतली. तिनंच विषय बदलला.

“तू कधी सोडलास रे देव?”

“लहानपणीच. बाबांची पूजा संपता संपायची नाही आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय ताट नाही. भूक लागायची. एक दिवस ठरवलं, देव नाहीच.”

“तपासून बघितलंस?”

“त्यात काय तपासायचं?”

“मग तू नास्तिक नाहीस,” आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “तू आळशी आहेस.”

तीस वर्षांची नास्तिकपणाची कमाई तिनं एका भाकरीत संपवली. संध्याकाळी मोहन आला, त्याला मी म्हणालो, हिला समजावणं माझ्यानं होणार नाही. पण मी व्यापारी माणूस. माल चुकीचा गेला असेल तर बदलून आणायचा, एवढं मला येतं. खरे टाक घरी आले की पुढचं पुढं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी माझ्याबरोबर आली. बेगम बाजारात स्वतःची गाडी नेऊ नका. नेलीत तर तिथंच विकून या, बाहेर काढण्यापेक्षा ते सोपं. आम्ही रिक्षा केली. पल्लवी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते, म्हणजे इतरांनी केलेल्या कामात चुका शोधायचा पगार घेते. आजीची नात शोभते.

“काका, टेक्निकली आजी बरोबर आहे ना?” ती म्हणाली. “इनपुट बदलला आणि आउटपुट सेम आला. म्हणजे त्या बटणाला आत वायरच जोडलेली नाही.”

“मग तू कशाला अडून बसलीस? रजिस्टर लग्न कर.”

“मांडव पप्पांना हवाय, सासरच्यांना हवाय. मला काही प्रॉब्लेम नाही. मला देव नकोत काका, मला आजी पाहिजे.” मग रिक्षाच्या पट्टीला धरून बाहेर बघत म्हणाली, “मम्मीच्या वेळी ती रोज तीन तास पूजेत बसायची. मी बाहेर होमवर्क करत बसायचे. मला आठवतं ना.”

बेगम बाजारात हळद, मिरची, सुकं खोबरं सगळं डोंगरासारखं रचलेलं असतं आणि पावशेर मागितलं की दुकानदार तुमच्याकडे दयेनं बघतो. स्टीलच्या भांड्यांच्या ओळीमागं सराफाची पेढी. म्हातारा सराफ आम्हाला बघूनच हात वर करून उभा राहिला.

“मेरी गलती नक्को बोलो साब. आप सूरत देखो. दोनों की घिसके एक हो गई. घोडा इनका भी, घोडा उनका भी.”

“चष्मेवाल्यांना सांगितलं का?”

“हौ, बोला ना. वो बोले, रहने दो.”

“रहने दो म्हणजे?”

“रहने दो बोले तो रहने दो.”

कोठीला पायीच गेलो. वाटेत इराण्याकडे चहा घेतला, कारण पुढं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज आला होता. चष्म्याचं दुकान प्रशस्त, काचेच्या दाराचं, आत एसी. मालक गोविंदराव, साठीचे, कपाळावर ठसठशीत टिळा, जुन्या हैदराबादी मराठी घरातले. आम्ही कोण हे सांगताच त्यांनी उठून माझे दोन्ही हात धरले.

“या या या! अहो, तुमचे देव म्हणजे कमाल आहेत साहेब! लई पॉवरफुल!”

मी पल्लवीकडे बघितलं. ती शोकेसमधल्या गॉगलांकडे बघत होती, खांदे हलत होते.

“ऐका तर,” गोविंदराव म्हणाले. “ते घरी आले त्या साली बाजूचा गाळा मिळाला. मधली भिंत पाडली. पोरगा अमेरिकेला गेला. बायकोच्या गुडघ्याची तकलीफ हल्लू हल्लू गेली. आणि आमचे स्वतःचे होते तेव्हा काय होतं? दुकानात पंखा बी नव्हता.”

“पण ते तुमचे नाहीत.”

“सहा साल अंघोळ कोणी घातली? मी. नक्को साहेब. आदत पडली आता. जसं आहे तसं राहू द्या. तुमच्याकडे माझे बरे आहेत ना? जेवतात ना नीट?”

मी सौदेबाजीत कच्चा नाही. प्रेमानं बोललो, कायद्यानं बोललो, लग्नाचं सांगितलं, उठून दारापर्यंत गेलो. माणूस दारापर्यंत गेला की समोरचा हाक मारतो हा माझा आजवरचा अनुभव. गोविंदरावांनी हाक मारली नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवायला लागले. तेव्हा मी मागं फिरून म्हणालो, “अहो, आमच्या वाडवडिलांचे आहेत ते!”

आवाज जरा मोठाच निघाला असावा. दुकानातले सगळे वळले. पल्लवीही. वाडवडील माझे नव्हतेच, ते आत्याच्या सासरचे. आणि देवही माझे नव्हते, मला तर कुठलेच नाहीत.

गोविंदराव खाली बसले. “असं करा. माउलींना घेऊन या. त्यांनी तोंडानं मागितले तर देतो. आणि तुम्ही या खुर्चीत बसा.”

“मी कशाला?”

“डोळे तपासायचा तो बोर्ड अर्ध्या तासापासून उलटा टांगलाय, आणि तुम्ही वाचल्यासारखं करताय.”

असा तो चष्मा.

घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, मला ते टाक नकोत, माझेही नकोत आणि त्याचेही नकोत, त्यासाठी मी कोठीपर्यंत येणार नाही. मग मी वेगळा माल पुढं केला.

“टाकांसाठी नको येऊस. पण तिथं एक माणूस बसलाय. त्याला तुझ्यासारखंच गणित घातलं होतं, तीच सहा वर्षं, तीच अदलाबदल. त्यानं उलटं उत्तर काढलंय.”

“उलटं म्हणजे?”

“त्याची श्रद्धा दुप्पट झालीय.”

आत्यानं पेपरची घडी घातली. मग म्हणाली, “त्याची रीत बघायला पाहिजे.”

तिसऱ्या दिवशी मोहन, पल्लवी, आत्या आणि मी, फ्रिजवरचा डबा घेऊन चष्म्याच्या दुकानात. मोहननं डबा दोन्ही हातांत असा धरला होता की जणू आत दूध उतू चाललंय. गोविंदरावांनी शटर अर्धं ओढलं, लाल कापडात गुंडाळलेले टाक आणून काउंटरवर ठेवले आणि आत्याला नमस्कार केला.

“माउली, माझ्या देवांना तुम्ही काय घातलं खायला?”

“सणाला पुरण. एरवी दूध-साखर.”

“म्हणूनच! आमच्याकडे नुसते शेंगदाणे.”

“गोविंदराव,” आत्या म्हणाली, “तुमचा मुलगा अमेरिकेला गेला. त्याच्या वर्गातले किती गेले?”

“अं... चांगले अर्धे-अधिक गेले असतील.”

“त्या सगळ्यांच्या घरचे देव बदलले होते का?”

गोविंदराव हसले. मोठ्यानं नाही, पकडल्यासारखे. “नाही माउली.”

“मग?”

“मग काय? मला खरं-खोटं नाही समजत. मी सकाळी दिवा लावला नाही तर दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडतो. म्हणून बायको म्हणते, आधी दिवा लावा आणि मग दुकानात जा.”

“म्हणजे हे देवासाठी नाही.”

“गिऱ्हाइकांसाठी म्हणा ना!”

आत्या हसली. मोहन म्हणतो, देव डब्यात गेल्यापासून पहिल्यांदा. “हे उत्तर बरोबर नाही,” ती म्हणाली, “पण कॉपी केलेलं नाही. मार्क देते.” मग हसू ओसरलं. काउंटरवरच्या आपल्या तीन टाकांकडे ती बघत राहिली, हात लावला नाही. “मला नाही तसं करता येणार. मला खरं वाटत होतं म्हणून मी करत होते. गिऱ्हाइकांसाठी करायला माझ्याकडे दुकान नाही.”

मोहननं माझ्याकडे बघितलं. मी नव्या चष्म्याच्या पावतीकडे बघितलं. बोलली ती पल्लवी.

“आजी, तू काही मांडू नकोस. हात जोडू नकोस. मंत्र चालू असताना हवं तर पेपर वाच. फक्त माझ्या मागं उभी राहा. नऊवारी नेसणारेय मी, ती सुटणार.”

“पिना लावायच्या असतात. तुला किती वेळा सांगितलं.”

“मला लावता येत नाहीत.”

“अजून?”

“तूच लावायचीस ना शाळेत असताना.”

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. गोविंदरावांना वाटलं काच खराब आहे, त्यांनी पुसायचं कापड पुढं केलं.

“आणि टाकांच्या जागी काय मांडणार?” मोहननं हळूच विचारलं.

“सुपाऱ्या मांडा,” गोविंदराव म्हणाले. “आमच्याकडे गुरुजी सगळ्या देवांच्या जागी सुपाऱ्याच ठेवतात.”

“सुपारी चालेल,” आत्या म्हणाली. “ती कुणी असल्याचा आव आणत नाही. पण मांडायची मोहननं. मी नाही.”

मग तिनं तोंडानं मागितलं, “ज्याचे त्याच्याकडे गेले पाहिजेत. माझे द्या.” गोविंदरावांनी दिले. शब्दाचा माणूस. स्वतःचे घेताना त्यांचा चेहरा मात्र भाड्याचं घर सोडून जुन्या घरात परत जाणाऱ्या माणसासारखा झाला होता.

चौथ्या दिवशी निघायच्या वेळी आत्यानं तोच स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. आत आता खरे तिघं.

“हे घेऊन जा. इथं राहिले तर मोहन भिऊन पूजा करेल. पल्लवी सासरी नेईल आणि अडकेल. आणि मला ते फ्रिजवर बघवत नाहीत. तू मानत नाहीस, तुझ्याकडे ते नुसती चांदी.”

“मोडीत घालू?”

“घाल,” ती म्हणाली. “तुला जमलं तर.”

मोहनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो ‘संभाळून ने’ एवढंच म्हणाला. बेगम बाजारातून घेतलेली मिरची आणि हळद मी गाडीत मागं टाकली. डबा पुढच्या सीटवर ठेवला, मागं खडखडला असता म्हणून. धाब्यावर जेवायचं ठरवलं होतं, पण उशीर झाला होता, तेव्हा कुठं थांबलो नाही. चहालाही नाही. जाताना टाकी भरली असेल तर येताना डिझेलची गरज पडत नाही, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. किल्लारीच्या बाजूनं येताना या वेळीही गप्प होतो, फक्त या वेळी गाडीत आम्ही चौघं होतो.

लग्न झालं. आम्ही सगळे पुन्हा गेलो. मोहननं सुपाऱ्या मांडल्या, एक घरंगळून सोफ्याखाली गेली, ती गुरुजींनी स्वतः वाकून काढली. आत्या मंगलाष्टकांना पल्लवीच्या मागं उभी होती, तोंडात चार सेफ्टी पिना धरून, त्यामुळे तिनं कशाला हात जोडले नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. अक्षता टाकल्या. तांदूळ आहे, म्हणाली, तांदळाशी माझं काही भांडण नाही. गोविंदराव आहेर घेऊन आले होते. जेवताना आत्याच्या कानाशी लागून म्हणाले, “माउली, तुमचे गेल्यापासून धंदा जरा डल आहे.”

“एवढ्या दिवसांवरून ठरवायचं नसतं,” आत्या म्हणाली. “वर्षभर थांबा. मग मला आकडे दाखवा.”

काय राहिलं म्हणाल तर दोन गोष्टी. मिरची, जी अजून पुरतेय आणि जिच्यासाठी तुम्हीही जावं. आणि आत्याचं ते एक वाक्य, ‘तू आळशी आहेस.’ माझं न मानणं मला फुकटात मिळालं होतं. भुकेच्या वेळी उचललं आणि पुढं तेच वापरत राहिलो. तिचं न मानणं पन्नास वर्षांच्या गार पाण्यातून आलंय. ती आता पहाटे उठते आणि काय करायचं ते तिला कळत नाही, मग गच्चीवर चालते. मोहन सांगतो, खाली येताना तुळशीची एक फांदी मोडून आणते, चहात टाकायला. मी विचारलं, बरं वाटतं का? म्हणाली, “हलकं वाटतं. बरं वाटतं असं नाही म्हटलं मी.”

टाक मोडीत घातलेले नाहीत. चांदीचा भाव वाढायची वाट बघतोय. तोवर ते कारखान्यात माझ्या कपाटात वरच्या खणात आहेत. खालच्या खणात जुन्या पावत्या आहेत, तिथं जागा नव्हती.

राहता राहिला तो हैदराबादहून परतलो तो दिवस. गाडी अंगणात लावून मी डबा घेऊन सरळ आत गेलो. बायको मिरचीचं पोतं काढायला बाहेर आली आणि तिथूनच ओरडली, “अहो, तुमच्या चपला इथं पोत्याखाली कशा?” मी पायांकडे बघितलं. तारनाक्यापासून लातूरपर्यंत मी गाडी अनवाणी चालवली होती.